सहकाराची वाइन म्हणजे दुय्यम, हे कोणी ठरवलं?

सहकारी संस्थेने काढलेली वाइन म्हणजे स्वस्त आणि सामान्य, असं आपल्या नाशिक पट्ट्यातले जाणकारही सहज बोलून जातात. मला ते अजिबात मान्य नाही. इटलीच्या उत्तर टोकाला, आल्प्सच्या कुशीत तेर्लानो नावाचं गाव आहे. तिथली पांढरी वाइन जगातल्या उत्तम वाइनमध्ये गणली जाते, आणि ती काढणारी संस्था शेतकऱ्यांच्या मालकीची आहे.

हा भाग दक्षिण टिरोलचा. आदिजे नदीचं खोरं, बोल्झानो शहर जवळच. खाली सपाटीला सफरचंदाच्या बागा, वर दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर द्राक्षं. काही बागा नऊशे मीटरपर्यंत चढलेल्या. जमीन तांबडी, ज्वालामुखीतून आलेल्या पोर्फिरी खडकाची. दिवसा ऊन चांगलं तापतं, रात्री डोंगरावरून गार वारा उतरतो आणि द्राक्षात गोडीबरोबर आंबटपणाही टिकून राहतो.

1893 साली इथल्या 24 शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ही संस्था काढली. तेव्हा हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीचा होता. मोठ्या जमीनदारांपुढे आणि व्यापाऱ्यांपुढे एकट्यादुकट्याचा टिकाव लागत नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर खोरं इटलीकडे गेलं, फॅसिस्ट राजवटीत इथल्या लोकांच्या जर्मन भाषेवर आणि गावांच्या जर्मन नावांवर बंदी आली, दुसरं महायुद्ध झालं, आणि संस्था चालत राहिली. आज सभासद दीडशेच्या आसपास आहेत आणि सगळ्यांची मिळून जमीन दोनशे हेक्टरच्या आत. म्हणजे सरासरी माणशी सव्वा-दीड हेक्टर. आपल्या दिंडोरी-निफाडच्या बागाईतदाराएवढाच माणूस!

आता मुद्द्याचं. 1980 च्या दशकापर्यंत हे खोरं स्किआवा जातीची हलकी लाल वाइन ढिगाने काढायचं आणि स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनीला स्वस्तात विकायचं. वजनावर पैसे मिळणार असतील तर शेतकरी वजनच वाढवणार, त्यात त्याचा काय दोष? मग काही संस्थांनी हिशोबच बदलला. जवळच्या सांक्ट मिखाएल-एप्पान संस्थेत हान्स टेर्त्सर 1977 मध्ये वाइनमेकर म्हणून आले. त्यांनी सभासदांना वेलीवरचे घड कमी करायला लावले आणि 1986 पासून निवडक बागांची वाइन वेगळ्या नावाने बाजारात आणली. तेर्लानोतही प्रत्येक बागेवर संस्थेची नजर असते, उत्पादनाला मर्यादा असते आणि पैसे द्राक्षाच्या प्रतीवर ठरतात. घड खुडून जमिनीवर टाकायला शेतकऱ्याचा हात तेव्हाच धजावतो, जेव्हा उरलेल्या घडांचा दाम त्याला मिळणार असतो.

आपल्या उसाचं बघा. एफआरपी, म्हणजे सरकारने बांधून दिलेला उसाचा किमान दर, ठरते ती अख्ख्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर. माझा ऊस साखरेने भरलेला असो की पाणचट, वजनकाट्यावर दोघांना टनाला एकच दर. मन लावून शेती करणाऱ्याला त्याचं वेगळं काही मिळतच नाही. माझ्या मते आपल्या सहकाराचं खरं दुखणं इथे आहे. राजकारणाला शिव्या घालणं सोपं, म्हणून आपण तेवढंच करतो.

तेर्लानोच्या तळघराबद्दल सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही. सेबास्टियन श्टॉकर 1955 ते 1993 तिथे वाइनमेकर होते. पांढरी वाइन ताजीच प्यावी, असा सगळ्यांचा समज. या माणसाला वाटायचं की आपली वाइन कित्येक दशकं टिकेल. संचालकांना साहजिकच माल विकून पैसे हवे होते, कारण सभासद पैशांची वाट बघत असतात. सांगतात की श्टॉकर दरवर्षी पाचशेएक बाटल्या कोणाला न सांगता बाजूला ठेवत गेले. काही वाइन त्यांनी पोलादी टाक्यांत, तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त मुरवली. आज संस्थेचं नाव जगभर आहे ते बऱ्याच अंशी या संग्रहामुळे आणि त्या मुरवलेल्या वाइनमुळे. शेतकऱ्यांच्या संस्थेने दहा वर्षं थांबायचं धाडस करावं, याचं मला फार अप्रूप आहे. त्यांची रोजची तेर्लानर वाइन मी प्यायलो आहे. पिनो ब्लांक, शार्दोने आणि सोव्हिन्यों ब्लांक यांचं मिश्रण. घशाखाली उतरल्यावरही जिभेवर हलका खारटपणा रेंगाळतो.

आणि हा सगळा परका मामला आहे असंही नाही. जर्मनीतल्या राइफायझेन यांच्या पतपेढ्यांची कल्पना 1889 मध्ये दक्षिण टिरोलला पोहोचली. त्याच सुमारास मद्रास सरकारने आपले अधिकारी फ्रेडरिक निकोल्सन यांना युरोपातल्या शेतकी पतसंस्थांचा अभ्यास करायला सांगितलं. त्यांच्या अहवालाचं सार "राइफायझेन शोधा" एवढंच होतं. त्यातून 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि त्याच वाटेवर पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला. मूळ एकच आहे.

महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. वायनऱ्या निघाल्या, शेतकऱ्यांनी करार करून वाइनच्या जाती लावल्या. 2008 च्या मंदीनंतर वायनऱ्यांनी द्राक्षं घेणं थांबवलं तेव्हा कित्येकांनी वेली उपटल्या. माल शेतकऱ्याचा होता, पण टाक्या, बाटल्या आणि ब्रँड दुसऱ्याचे होते. वाइनची द्राक्षं टेबलावर खायला चालत नाहीत, मग जाणार कुठे?

म्हणून वाइनची द्राक्षं लावणाऱ्या माझ्या शेतकरी मित्रांना सांगतो, पुढच्या बैठकीत कर्ज आणि अनुदानाच्या आधी दराचं सूत्र मांडा. प्रत्येक बागेचा माल वेगळा तपासायचा, वेगळा गाळायचा आणि पैसेही त्याप्रमाणे वेगळे द्यायचे. वीस-पंचवीस जण तयार असतील तर मला कळवा. मी हिशोबाची वही घेऊन येतो.