व्यासपीठावरून रेटिनोस्कोपी शिकवता येत नाही

घरी येऊन पर्स बाजूला टाकली आणि लगेच लिहायला बसले. उद्या सकाळी पेशंट सुरू झाले की हे राहून जाईल, आणि हे राहून जायला नको.

सोलापुरातल्या एका हॉलमध्ये आज ऑप्टोमेट्रीचा, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या आमच्या शास्त्राचा, कार्यक्रम होता. शिक्षणातलं नेतृत्व आणि व्यावसायिक विकास असा विषय. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मोमेंटो, सगळं यथासांग झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आपल्याकडे कार्यक्रम असेच होतात. शेवटी प्रश्नोत्तरं होती. मागच्या रांगेतून तिसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली. चणीने लहान, वही छातीशी धरलेली. म्हणाली, "सर, माझा हात आखूड आहे. रेटिनोस्कोपी करताना माझं अंतर 67 सेंटिमीटर येतच नाही, 50 च्या आसपास येतं. मग मी दीड वजा करायचे की दोन?"

व्यासपीठावरचे पाहुणे हसले. "अगं, आता ऑटोरेफ आहे, एआय येतंय. हात कसले मोजत बसलीस!" (ऑटोरेफ म्हणजे नंबर आपोआप काढून छापणारं यंत्र.) मग सगळा हॉल हसला. ती खाली बसली आणि तिने वही मिटली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जे या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. रेटिनोस्कोप म्हणजे हातात धरायचं छोटंसं यंत्र. अंधाऱ्या खोलीत पेशंटच्या बाहुलीत त्याचा उजेड टाकायचा, आतून परत येणारा लालसर उजेड कुठल्या दिशेने सरकतो ते बघायचं आणि भिंगं बदलत बदलत तो थांबवायचा. पेशंटने एक अक्षरही न वाचता नंबर मिळतो. पण आपण किती लांब बसलो आहोत त्यानुसार त्यातून वजाबाकी करावी लागते. 67 सेंटिमीटरवर दीड, 50 वर दोन. पोरीने 50 वर बसून दीडच वजा केले तर समोरच्याच्या नंबरात अर्ध्याचा फरक पडणार. म्हणजे तिचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि उत्तर एका ओळीचं होतं: तुझ्यासाठी दोन, आणि दोऱ्याने अंतर मोजून घे. तेवढं सांगायला व्यासपीठावर कुणी नव्हतं.

मला आमच्या मॅडम आठवल्या. पुण्याला शिकत होते तेव्हा त्या आमच्या विभागप्रमुख होत्या. ओपीडीच्या दिवशी सकाळी आमच्या आधी डार्करूममध्ये हजर. प्रत्येकीच्या रेटिनोस्कोपला दोरा बांधलेला, जिच्या तिच्या हाताच्या मापाचा. गुंतागुंतीचा पेशंट आला की मॅडम आधी स्वतः बघायच्या, आलेला नंबर चिठ्ठीवर लिहायच्या, घडी घालून खिशात ठेवायच्या. मग आम्ही एकेकीने बघायचं आणि आपापली चिठ्ठी लिहायची. सगळ्यांचं झालं की चिठ्ठ्या टेबलावर उघडायच्या. त्यात त्यांचीही.

एकदा नववी-दहावीतला एक मुलगा आला होता. मॅडमच्या चिठ्ठीवर सिलिंडरचा ॲक्सिस, म्हणजे तिरप्या नंबराचं भिंग कुठल्या कोनात बसवायचं तो आकडा, 90. आमच्या बहुतेकींचा त्याच्या जवळपास. बार्शीच्या एका मुलीचा 110. ती इतकी घाबरली की चिठ्ठी परत मागायला लागली. मॅडमनी दिली नाही. ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे भिंगं बदलून बघायच्या चष्म्यात, आधी 90 ला भिंग लावलं, मुलगा खालच्या ओळीत अडखळला. मग मॅडमनी तेच भिंग स्वतःच्या बोटांनी 110 ला फिरवलं आणि त्याने ओळ सरळ वाचून काढली. मॅडमनी आपल्या चिठ्ठीवरचा 90 खोडला, 110 लिहिला आणि म्हणाल्या, "केसपेपरवर हिचं फाइंडिंग जाईल, खाली सही हिची."

माझ्या लेखी शिक्षणातलं नेतृत्व म्हणजे हे. विभागप्रमुखाने आपला आकडा पोरींच्या आकड्यांशेजारी उघडा ठेवायचा. आणि आज काय पाहिलं? विद्यार्थिनीने अडचण मांडली आणि मोठ्या माणसाने तिला हसण्यावारी नेलं.

एआय वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. डायबेटिसवाल्यांच्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो झटपट चाळायला त्याचा उपयोग होतो, मान्य. ऑटोरेफ तर माझ्याकडेही आहे आणि रोज वापरते. पण लहान मूल त्या यंत्रात डोकावून आतल्या चित्रावर डोळा ताणतं आणि मायनस नंबर छापून येतो. प्रत्यक्षात डोळ्याचा ताण सैल करणारे थेंब घालून बघावं तर मूल प्लसचं असतं. नंबरापायी डोळा आत वळणाऱ्या मुलांना तर प्लसचाच चष्मा लागतो, त्यांना मायनस दिला तर डोळा आणखी वळणार. डोळा आळशी होत असेल, म्हणजे त्याची नजर मागे पडत असेल, तर तो लवकर, सात-आठ वर्षांच्या आत सापडलेला बरा. त्यानंतर काहीच होत नाही असं नाही, पण मेहनत फार पडते.

आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा! धूळ, ऊन, ॲलर्जी, आणि दिवसभर डोळे चोळणारी पोरं. त्यातल्या एखाद्याचा सिलिंडर सारखा वाढतो आणि घरचे चष्म्यामागून चष्मे बदलत राहतात. यंत्र दर वेळी नवा आकडा देतं. रेटिनोस्कोप धरला की उजेड कात्रीच्या दोन पात्यांसारखा उघडमीट करताना दिसतो आणि मनात पहिली शंका येते ती केराटोकोनसची, म्हणजे बुबुळाची काच पातळ होऊन पुढे टोकदार होत जाण्याची. तिथून टोपोग्राफी, म्हणजे त्या काचेच्या उंचसखलपणाचा नकाशा, मग गरज असेल तर डॉक्टर क्रॉसलिंकिंग, म्हणजे ती काच घट्ट करणारा उपचार, करून वाढ थांबवतात. ती कात्री ओळखायला डार्करूममध्ये शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं. स्लाइडवर ती एका चित्रात उरकते.

आणखी एक गोष्ट खटकली. दिवसभरात एकाही वक्त्याच्या तोंडून "विडी" हा शब्द आला नाही. कार्यक्रम सोलापुरात! पूर्व भागात घराघरांत सुपात पानं घेऊन विड्या वळत बसलेल्या बायका, चाळिशी उलटली की पान दुमडायला, टोक बंद करायला डोळ्यांजवळचं दिसत नाही. पॉवरलूमवर तुटलेला धागा ओवायला दिसत नाही. आसामच्या चहामळ्यातल्या चाळीस वर्षांवरच्या मजुरांना जवळचा चष्मा दिला तर त्यांचं काम सुमारे 22 टक्क्यांनी वाढलं, हा अभ्यास 2018 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आलाय. आपल्या कॉलेजांच्या प्रमुखांनी इंटर्नना प्रोजेक्ट म्हणून विडीचं सूप द्यावं, टॉवेलचा माग द्यावा. ती बाई काम किती अंतरावर धरते ते मोजा, उजेड कुठून येतो ते बघा, मग जवळचा नंबर ठरवा. इथे पेशंटला तेलुगूत "कनिपिस्तुंदा?" विचारावं लागतं, अक्कलकोटकडून आलेल्या आजीला कन्नडमध्ये "काणस्तद?" विचारावं लागतं, म्हणजे "दिसतंय का?" हे कुठल्या सेमिस्टरला शिकवतात?

आपल्याच गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल शाळेत किती अभिमानाने ऐकलंय आपण. 1938 ला चीनला गेले, 1942 ला तिथेच वारले, वय अवघं 32. ते तिथे शस्त्रक्रिया करत होते आणि शिकवतही होते. त्या गावात शिकवणारा माणूस पेशंटपासून इतका लांब कसा बसू शकतो?

आता थोडी शांत झालेय. पाणी पिऊन आले.

प्रमुखांच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. शिकवणाऱ्यांचे पगार कमी, माणसं टिकत नाहीत, एकाच मास्तरावर तीन वर्षांचे वर्ग. आतापर्यंत साधारण तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्यात कितीतरी मुलांची इंटर्नशिप दुकानात फ्रेम दाखवण्यात जाते. आपला व्यवसाय या देशात लहानच होता. चेन्नईत शंकर नेत्रालयाच्या डॉ. बद्रीनाथांनी 1985 मध्ये एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री काढली, तेव्हा चार वर्षांची पदवी हीच नवलाई होती. ते स्वतः नेत्रतज्ज्ञ. ऑप्टोमेट्रिस्ट नीट तयार झाले पाहिजेत असं एका डॉक्टरला वाटलं, म्हणून ते उभं राहिलं. पुढे 2021 ला अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आला, त्यात ऑप्टोमेट्रिस्टचं नाव आलं. केवढी मोठी गोष्ट आहे ही! कायद्याने नाव दिलंय, आता त्या नावाला हात द्यायचं काम कॉलेजच्या प्रमुखांचं आहे.

म्हणूनच आजचा दिवस जास्त लागला. हॉलमध्ये इतकी पोरं होती, कुणी पंढरपूरहून पहाटेच्या एसटीने आलेलं, कुणी घरी खोटं सांगून फी भरलेलं. त्यांना सर्टिफिकेट मिळालं. व्यावसायिक विकास म्हणून कागदावर तास जमा झाले. एकाच्याही हातात दिवसभरात रेटिनोस्कोप आला नाही.

त्या बार्शीच्या मुलीचं पुढे काय झालं सांगू? पहिल्या वर्षी कोर्स सोडून द्यायच्या गोष्टी करायची. चिठ्ठीच्या त्या दिवसानंतर ओपीडीत सगळ्यात पुढे उभी राहायला लागली. आज तिच्याकडे शिकाऊ मुलं येतात. मॅडमनी तेव्हा 90 वर हट्ट धरला असता तर कुणी त्यांना काही बोललं नसतं. पेशंटला थोडा अंधुक चष्मा गेला असता आणि ती पोर दुसऱ्या वर्षाला दिसली नसती.

चहाच्या वेळी आजच्या त्या मुलीला मी शोधलं. कागदाच्या प्लेटच्या मागे 1 भागिले 0.5 (तिचं अंतर, मीटरमध्ये) करून दाखवलं. "म्हणजे दोनच ना?" म्हणाली. "दोनच. आणि तुझा हात आखूड असण्याने काही बिघडत नाही, अंतर दर वेळी तेच ठेव." तिने ते वहीत लिहून घेतलं.

तर एक करतेय. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी 9 वाजता माझ्या क्लिनिकची डार्करूम उघडी राहील. सोलापुरातल्या कुठल्याही कॉलेजची, कुठल्याही वर्षाची मुलं-मुली या. फी नाही, सर्टिफिकेट नाही. शिक्षकही या, आज व्यासपीठावर होते त्यांनीही यावं, मनापासून बोलावतेय. सगळ्यांनी चिठ्ठी लिहायची, माझ्यासकट. पेशंट कोण ते मी ठरवेन, आईवडिलांची परवानगी घेऊनच. खोली लहान आहे, एका वेळी सहापेक्षा जास्त मावणार नाहीत, म्हणून आधी मेसेज करा. स्वतःचा रेटिनोस्कोप असेल तर चार्ज करून आणा.