निर्दोष असण्याची अट

आज सकाळी आमच्या भागातल्या वाचकमंडळात विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकावर चर्चा होती. चर्चा रंगात आलेली असताना एक गृहस्थ, जे उत्तम वाचतात आणि ज्यांच्याबद्दल मला आदरही आहे, नाटकाच्या नायिकेबद्दल शांतपणे म्हणाले, "सगळे मान्य, पण लीला बेणारे थोडी जपून वागली असती तर तिच्यावर ही वेळ आली नसती." खोलीतल्या निम्म्याहून अधिक माना हलल्या. मी तिथे बोलले, परंतु दोन मिनिटांत बोलून संपणारा हा विषय नाही, आणि तेव्हापासून डोक्यातून जातही नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

व्यक्तीला स्वतःच्या मनाप्रमाणे जगण्याचा अधिकार आहे की नाही, हे इथे वाचणाऱ्यांपैकी कुणाला पटवून द्यावे लागेल असे मला वाटत नाही. आपण सारे त्याच बाजूचे आहोत. मला बोलायचे आहे ते त्या अधिकाराला आपण न बोलता जोडत असलेल्या एका अटीबद्दल. समाजाविरुद्ध उभे राहणाऱ्या माणसाने आधी स्वतः निर्दोष असले पाहिजे, गोड बोलणारे असले पाहिजे, चारचौघांना आवडणारे असले पाहिजे, अशी ती अट आहे. जो ही अट पुरी करतो त्याच्यासाठी आपण रडतो, आणि जो करत नाही त्याला "जरा जपून वागायला हवे होते" असे सांगून मोकळे होतो.

तेंडुलकरांचे हे नाटक 'रंगायन' या नाट्यसंस्थेने 1967 साली रंगमंचावर आणले, तेव्हा अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन होते आणि बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. मुंबईची एक हौशी नाटकमंडळी, जिच्या संस्थेच्या नावातच 'प्रोग्रेसिव्ह' हा शब्द आहे, एका खेड्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते आणि वेळ घालवण्यासाठी आपल्यातल्याच एकीला, शाळेत शिकवणाऱ्या लीला बेणारेला, आरोपी करून खोटा खटला चालवते. तो खोटा खटला हळूहळू खरा होतो. पण पुरावा म्हणून तिथे काय पुढे येते ते एकदा नीट आठवून पाहा. ती मोठ्याने हसते. वय वाढले तरी तिचे लग्न झालेले नाही. कार्यक्रम संपल्यावर ती मंडळीतल्याच काशीकर दांपत्याबरोबर न जाता प्राध्यापक दामल्यांच्या सोबतीने घरी जाते. सामंत नावाचा तो भाबडा गावकरी साक्षीला उभा राहतो आणि वाचत असलेल्या कादंबरीतले संवाद पुरावा म्हणून सांगतो, आणि तेही न्यायालय मुकाट्याने ऐकून घेते. शेवटी तर न्यायाधीश काशीकर स्वतःची खुर्ची सोडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात. आरोप भ्रूणहत्येचा आहे आणि निकाल असा की तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्यात यावा. ज्या गुन्ह्यासाठी तिला उभे केले, तोच गुन्हा तिला शिक्षा म्हणून सुनावला जातो. हे सारे डोळ्यांपुढे घडत असताना प्रेक्षकाला आठवते काय, तर ती जपून वागली नाही!

मला या ठिकाणी नेहमी आमच्या गणिताच्या बाई आठवतात. मी आठवीत होते. तालुक्याच्या गावातली शाळा, मुलींची संख्या कमी, आणि गणितात पास होणाऱ्या मुलींची त्याहून कमी. बाई एस.टी. स्टँडच्या मागे दोन खोल्या घेऊन एकट्या राहत. लग्न झालेले होते, पण नवरा कुठे आहे हे त्या कुणाला सांगत नसत आणि विचारणाऱ्याला तोंडावर "तुम्हाला कशाला हवे?" असे विचारत. संध्याकाळी आम्हा मुलींना घरी बोलावून बीजगणित शिकवत, एक पैसाही घेत नसत. त्या हळदीकुंकवाला जात नसत, शिक्षकांच्या सभेत संस्थेच्या अध्यक्षांना उलट उत्तर देत, आणि अभ्यास न घेणाऱ्या पालकांना सर्वांसमोर रागवत. एके दिवशी गावात एक अर्ज फिरला. मुलांवर वाईट परिणाम होतो, असे त्यात लिहिले होते. कोणता परिणाम, कोणत्या मुलावर, याचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता. पुढच्या वर्षी बाई शाळेत नव्हत्या. त्या अर्जावर माझ्या वडिलांची सही होती.

आता मराठी साहित्यात थोडे मागे जाऊ. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापायला घेतली. त्यातली यमू कुणाला उलट बोलत नाही. नवरा सुधारक विचारांचा असल्यामुळे तिला मुंबईत थोडे सुखाचे दिवस मिळतात, आणि तो गेल्यावर सासरचे शंकरमामंजी तिचे सक्तीने केशवपन करवतात. पिढ्यान्‌पिढ्या वाचक यमूसाठी रडले आणि रडणे योग्यच होते, कारण ती कादंबरी मोठीच आहे. पण मला आता असे ठामपणे वाटते की, यमूसाठी रडणे वाचकाला परवडते. यमू काही मागत नाही. ती सोसते, सांगते आणि मरते. तिच्यासाठी अश्रू ढाळणाऱ्याला स्वतःच्या घरातली एकही गोष्ट हलवावी लागत नाही.

तेच 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाल्यावर काय झाले पाहा. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घेऊन बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातले लिहिले. मिळवत्या मुलीच्या पगारावर घर चालते, आणि म्हणून तिच्या लग्नाची घाई कुणालाच नसते, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. या मुली रडत नव्हत्या, हिशेब मागत होत्या. लगेच गदारोळ झाला आणि या नावामागे कोण आहे याचा शोध सुरू झाला. त्यानंतर आलेल्या 'हिंदोळ्यावर' या कादंबरीत नवऱ्याने टाकलेली अचला लग्नाशिवाय संसार करू पाहते, तेव्हा तर विचारायलाच नको. यमूला लागणारी सहानुभूती अचलेपर्यंत पोहोचेपर्यंत आटते, आणि याचे कारण अचलेचे दुःख कमी आहे हे नव्हे. अचला आपली परवानगी मागत नाही, हे आहे.

आमच्या बाईंनीही परवानगी मागितली नव्हती. त्या रडल्या असत्या, नवऱ्याने कसा छळ केला हे घरोघर जाऊन सांगितले असते, तर त्याच गावाने त्यांना डोक्यावर घेतले असते, हे मला खात्रीने माहीत आहे. अर्ज घेऊन दारोदार फिरणाऱ्या गृहस्थांची मुलगी माझ्या शेजारी त्या दोन खोल्यांत बसून समीकरणे सोडवायला शिकली होती. तीच मुलगी पुढे मॅट्रिकला गणितात पहिली आली आणि त्यांनी पेढे वाटले. हे लिहिताना आजही माझा संताप होतो आणि तो आवरावा असे मला वाटत नाही.

सूर हा यातला सर्वांत जुना बहाणा आहे. 1881 साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अनौरस मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. त्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीची निंदा सुरू झाली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून छापले. त्या पुस्तकात आर्जव नाही. त्यात सरळ, तिखट, घरातल्या भांडणाची भाषा आहे, आणि पुरुषांचा एकेक दुर्गुण समोर मांडून "आता बोला" असा आविर्भाव आहे. लोकांनी काय धरले? मजकूर नव्हे, भाषा धरली. सत्यशोधकांच्या वर्तुळातूनही नापसंती उमटली, आणि जोतीराव फुल्यांनी 1885 साली 'सत्सार' या आपल्या प्रकाशनात ताराबाईंची बाजू घेऊन लिहिले. ताराबाईंनी सौम्य शब्दांत लिहावे, मग विचार करू, असे जोतीरावांनी म्हटले नाही. ज्या माणसाने 1863 सालीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, त्याला विजयालक्ष्मीच्या चारित्र्याची चौकशी करण्यात रस नव्हता. विजयालक्ष्मी आणि बेणारे यांच्यामध्ये शहाऐंशी वर्षे आहेत, आणि न्यायालय तेच आहे.

माझे वडील वृद्ध झाल्यावर एकदा मी त्यांना त्या सहीबद्दल विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई जरा गोड बोलल्या असत्या, तर मी सही केली नसती." मी त्यांच्यावर खूप चिडले होते, आणि अजूनही हे वाक्य मला मान्य नाही. आज सकाळी मान डोलावणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हेच वाक्य होते.

पण इथे थांबून एक गोष्ट लिहिली पाहिजे. माझे वडील त्या संस्थेच्याच एका शाखेत कारकून होते. घरात आम्ही दोघी बहिणी, लग्ने व्हायची होती, आणि अर्ज घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणणे म्हणजे काय हे त्यांना चांगले ठाऊक होते. तेंडुलकरांना हे कळत होते. म्हणून त्यांनी बेणारेवर खटला चालवणाऱ्या काशीकर, सुखात्मे, पोंक्षे यांना खलनायक केलेले नाही. वकिली न चाललेला वकील, परीक्षा नापास झालेला माणूस, मूल नसलेले जोडपे, त्या जोडप्याच्या उपकारावर वाढलेला रोकडे, अशी ही सारी पराभूत माणसे आहेत, आणि आपल्याहून अधिक मोकळेपणाने जगणारे माणूस त्यांना सहन होत नाही, कारण तिच्याकडे पाहून त्यांना स्वतःचे आवळलेले जगणे दिसते. समूहाशी जुळवून घेणारा माणूस बहुतेक वेळा दुष्ट नसतो, घाबरलेला असतो. माझे वडील दुष्ट नव्हते. बाईंना घालवून दिल्यानंतरही त्यांनी मला शिकवले, आणि मी गणित सोडू नये म्हणून तालुक्याबाहेरच्या शिकवणीचे पैसे भरले. त्या पैशांत थोडे प्रायश्चित्त असावे असे मला वाटते, पण त्यांनी कधी तसे म्हटले नाही आणि मीही विचारले नाही.

समाजाचे नियम माणसाला आधारही देतात, आणि प्रत्येक वेगळा वागणारा माणूस थोर नसतो, हेही मी मान्य करते.

तरीही मला एका प्रश्नाचे उत्तर हवे आहे. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी 1963 साली आली, म्हणजे बेणारेच्या चार वर्षे आधी. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या आपल्या गावातून पुण्याला शिकायला येतो, बापाचे पैसे उधळतो, परीक्षांत आपटी खातो, खाणावळीच्या कारभारात कर्ज करून ठेवतो, कुठल्याच साच्यात बसत नाही आणि शेवटी गावी परततो. मला ही कादंबरी अतिशय प्रिय आहे आणि त्याची धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचा भाग मी अजूनही एका बैठकीत वाचू शकत नाही. पण सांगवीकर निर्दोष आहे का? अजिबात नाही. त्याच्या बंडाचा सगळा खर्च वडील करतात. तरी तरुणांच्या पिढ्यांनी त्याला आपला आवाज मानले, त्याच्यासारखे बोलायला घेतले, आणि पांडुरंग जरा जपून वागला असता तर बरे झाले असते असे कुठल्याही वाचकमंडळात मी आजवर ऐकलेले नाही. त्याच्या उद्धटपणात लोकांना सच्चेपणा दिसतो. बेणारे मात्र स्वतःच्या कमाईवर जगते, शाळेत वेळेवर पोहोचते, वर्गातली मुले तिच्यावर जीव टाकतात, आणि तिच्या हसण्यात लोकांना थेट तिचे चारित्र्य दिसते. आमच्या गावातही हेच होते. ड्रॉइंगचे एक मास्तर दारू पिऊन वर्गात येत, हे साऱ्या गावाला माहीत होते, आणि ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल व श्रीफळ मिळाले. त्यांच्याविरुद्ध अर्ज फिरला नाही.

नाटकाच्या शेवटी न्यायालय बेणारेला बचावासाठी दहा सेकंद देते आणि ती त्यांत एक शब्दही बोलत नाही. त्यानंतरचे तिचे प्रदीर्घ स्वगत आजूबाजूची मंडळी गोठलेली असताना येते, म्हणजे प्रेक्षक ऐकतो आणि न्यायालय ऐकत नाही. तेंडुलकरांनी तिच्या तोंडी स्वतःला निर्दोष ठरवणारे भाषण दिलेले नाही. ती आपल्या देहाबद्दल, आपल्या प्रेमाबद्दल, लहानपणी मामावर बसलेल्या विश्वासाबद्दल आणि त्याने तो कसा मोडला याबद्दल बोलते, आणि ते सारे अपुरे, विसंगत, रागाने भरलेले आहे. चांगले साहित्य व्यक्तीच्या बाजूने उभे राहते ते असे, तिच्यातले काही न लपवता. तिला आधी धुऊन, पुसून, पूजेला बसवण्याजोगी करून मग तिच्यावर अन्याय दाखवणे सोपे असते, आणि ते तेंडुलकरांनी केले नाही म्हणूनच आज इतक्या वर्षांनी माना हलतात.

या पोस्टखाली मतभेद जरूर लिहा, मी प्रत्येकाला उत्तर देईन. फक्त बेणारेने कसे वागायला हवे होते हे लिहू नका, ते आज भरपूर ऐकून झाले आहे. त्या नाटकात एक माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत येतच नाही. त्याला साक्षीसाठी पुकारले जाते आणि तो हजर नसतो. तो संसारी आहे, विद्वान आहे, त्याची नोकरी शाबूत आहे, आणि पोटातले मूल त्याचेही आहे. प्राध्यापक दामल्यांनी कसे वागायला हवे होते, यावर लिहा.