माझा दोन पॉइंट नऊ

लग्न ठरलं तेव्हा नागपूरच्या नातेवाइकांनी मुलगा काय करतो, शेती किती, घरात माणसं किती, यातलं काहीच विचारलं नाही. "पाटण म्हणजे कोयनेच्या भूकंपाचं तेच ना?" एवढं विचारायचे आणि मला सीमेवर पोस्टिंग मिळाल्यासारखं माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. आईने रुखवतात समईशेजारी टॉर्च मांडला होता. मावशीने शिट्टी दिली. ढिगाऱ्याखालून वाजवायला.

तो टॉर्च आणि ती शिट्टी घेऊन मी पाटणला आले, आणि पुढची सहा वर्षं मला एकही भूकंप मिळाला नाही.

होत नव्हते असं नाही. १९६२ च्या सुमाराला कोयना धरणात पाणी साठायला लागलं, तेव्हापासून हा भाग जो हलायला लागलाय तो अजून थांबलेला नाही. बारीकसारीक धक्के वर्षभर चालूच असतात. बरेचसे फक्त यंत्रांना कळतात, काही माणसांनाही कळतात. फक्त त्या माणसांत मी कधी नसायचे. एक भाऊबिजेला झाला, मी माहेरी. एक झाला तेव्हा मी कराडहून येणाऱ्या एसटीत, मागच्या चाकावरच्या सीटवर होते, आणि रस्त्याचं काम चालू होतं. तिथे सहा रिश्टरचा झाला असता तरी ड्रायव्हरने गिअर बदलला असंच वाटलं असतं. तिसऱ्या वेळी मी चक्क घरात होते. पण मिक्सरवर लसणाची चटणी होती. मिक्सर बंद करून बाहेर आले तर अख्खी आळी रस्त्यावर. "काय झालं हो?" "झालं की," शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि सगळे आपापल्या घरात निघून गेले.

यात भर म्हणजे मी शाळेत शिकवते आणि आमच्या शाळेचं आपत्ती व्यवस्थापन माझ्याकडे आहे. इतर कुणीच ते घेतलं नाही म्हणून आहे. घंटा झाली की पोरांनी बाकाखाली शिरायचं, डोक्यावर हात घ्यायचे, बाकाचा पाय घट्ट धरायचा, पळायचं नाही, हे सगळं मी वर्षातून दोनदा करून घेते. एकदा सहावीतल्या एका पोराने बाकाखालूनच विचारलं, "बाई, तुमाला लागलाय का कदी भूकंप?" मी म्हटलं, बोलायचं नाही, डोकं झाक. पण तो प्रश्न मला लागला.

घरी तर विचारूच नका. आमच्या घरी माणसाची पत भूकंपावर ठरते. मागच्या जुन्या सोप्याच्या भिंतीला आढ्यापासून कोनाड्यापर्यंत एक भेग आहे. तिला सदुसष्टची भेग म्हणतात. नवीन जावई आला की आधी देवघर दाखवतात, मग भेग. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, हे आमच्या घरात पोरांना बाराखडीच्या आधी येतं. सासरे, म्हणजे दादा, तेव्हा बारा वर्षांचे होते. सांगताना ते खुर्चीतून उठतात आणि भिंतीला हात लावून उभे राहतात. "धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. ही भिंत पण उभी राहिली." कोयना धरण एकशे तीन मीटर उंच आणि आमची भिंत दगडमातीची नऊ फूट, पण दादांच्या सांगण्यात दोन्ही एकाच खात्याने बांधल्यासारखी वाटतात. घराला आजवर चार वेळा रंग दिलाय, चारही वेळा रंगारी भेगेला वळसा घालून गेलाय. मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात "ही बुजवून का घेत नाही?" असं विचारलं होतं. त्यावर जी शांतता पसरली ती अजून पूर्ण उठलेली नाही.

तर असा मी अनुभवाचा दाखला नसलेला उमेदवार. आणि मग तो आला.

मे महिना, रात्र. जेवणं आटपून, ओटा पुसून, मी विरजण लावत होते. दूध कोमट झालं की नाही हे बघायला करंगळी पातेल्यात घातली होती. आधी आवाज आला. लांबून रोडरोलर यावा तसा, फक्त तो रस्त्यावरून न येता फरशीखालून येत होता. मग पातेल्यातल्या सायीवर बारीक वळ्या उठल्या, कडेकडून मधे. मांडणीतल्या वाट्या एकमेकींना खेटून किणकिणल्या. मसाल्याच्या डब्याचं झाकण एकदाच, मान हलवावी तसं हललं. मग सगळं गप्प.

मुलांना सहा वर्षं शिकवलेलं मला एक अक्षर आठवलं नाही. मी टेबलाखाली शिरले नाही, डोकं झाकलं नाही. मी दोन्ही हातांनी दुधाचं पातेलं घट्ट धरलं आणि मोठ्याने ओरडले, "कोण आहे?"

कुणी नव्हतं. भारतीय द्वीपकल्प होतं.

मग उलगडलं. हा भूकंप! आपला! मी घड्याळ पाहिलं, अकरा वाजून आठ मिनिटं. पातेलं हातात तसंच धरून बेडरूमकडे धावले. (पातेलं का नेलं ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक पुरावा म्हणून.) हे घोरत होते.

"अहो, उठा! भूकंप!"

"झाला का?" डोळे न उघडता.

"झाला."

"मग झोप आता."

कूस बदलून माणूस पुन्हा घोरायला लागला. मी सासूबाईंच्या खोलीत गेले. आत्याबाई जाग्या होत्या. मला हायसं वाटलं. "आत्याबाई, कळला का तुम्हाला?"

"व्हय. पाय चेपून घेतल्यागत बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "विरजण लावलंस का?"

दादा मात्र उठून बसले. चष्मा लावला. भूकंप दिसायचा नव्हता, तरी लावला. "उभा होता का आडवा?" त्यांनी विचारलं. मला प्रश्नच कळला नाही. "म्हंजे खालनं दणका बसला का बाजूनं हलल्यागत झालं?" मी म्हटलं, वाट्या वाजल्या. "तवा कुठल्या वाट्या? वरच्या का खालच्या?" सगळ्या मांडणीची साक्ष घेऊन झाल्यावर त्यांनी निकाल दिला. "पावणेतीन. तीनच्या वर जात न्हाई. वारणेकडचा आसंल." वारणेचं धरण झाल्यावर १९९३ पासून तिकडूनही धक्के यायला लागलेत, त्यामुळे हल्ली कोयनेचा का वारणेचा असा वादही घालता येतो. स्टँडजवळच्या हॉटेलात दादांच्या दोस्तांची यावर पैज लागते. आकडा पेपरात येईपर्यंत थांबायचं, ज्याचा अंदाज सगळ्यात लांबचा त्याने चहा पाजायचा.

मी मात्र त्या रात्री झोपले नाही. अंथरुणात पडून, सकाळी कसं सांगायचं याची उजळणी करत होते. पहिल्या खेपेला भूकंप चार सेकंदांचा होता. तिसऱ्या उजळणीत तो अर्ध्या मिनिटाचा झाला. पहाटेपर्यंत मांडणीतून एक वाटी खाली पडली होती. ती मी नंतर काढून टाकली, कारण आत्याबाई वाट्या मोजतात.

सकाळी सहाला नागपूरला फोन लावला. इतक्या वर्षांनी आईचा टॉर्च सार्थकी लागला होता.

"आई, काल भूकंप झाला."

"अवं माय! किती?"

"दोन पॉइंट नऊ." दादांचा पावणेतीन एव्हाना मोबाइलवर दोन पॉइंट नऊ ठरला होता.

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "अवं, इथं पारा सत्तेचाळीसवर गेला, कूलर बंद पडलाय, अन् तू दोन पॉइंट नऊचं काय घेऊन बसली!"

घरच्या ग्रुपवर टाकलं. नणंदेचा मुलगा टोकियोत नोकरीला आहे. त्याने आधी अंगठा दाखवला, मग लिहिलं की मामी, तिकडे म्हणे नुसती रिश्टर सांगून भागत नाही, तुमच्या पायाखाली प्रत्यक्ष किती हललं ते शिंदो नावाच्या मापाने शून्यापासून सातपर्यंत सांगतात, आणि तुमचं ते शून्य नाहीतर एक असेल. हे मी दादांना वाचून दाखवलं. "शिंदे?" दादा म्हणाले. "कुठले शिंदे? मोजणीवाले व्हय?" हे जपानी माप आहे हे सांगण्यात माझा अर्धा तास गेला आणि तरीही दिवसभर ते "शिंद्यांनी शून्य दिलंय" असंच लोकांना सांगत होते.

शाळेत स्टाफरूममध्ये मात्र मी पूर्ण तयारीने गेले. आवाजापासून सुरुवात केली, रोडरोलर घेतला, साय घेतली. वाट्यांपर्यंत आले आणि लक्षात आलं की कोपऱ्यातले औश्याकडचे सर वही तपासायची थांबवून खिडकीबाहेर बघतायत. किल्लारी त्यांच्या गावापासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जन करून दमून झोपलेली गावं. मी वाट्या तशाच मांडणीत ठेवल्या आणि चहा कुणाला हवा ते विचारलं.

उरलं सुरलं विज्ञानाच्या मॅडमनी काढलं. तिनं खडू घेतला. रिश्टरचा एक अंक वाढला की ऊर्जा साधारण बत्तीस पट वाढते. सदुसष्टचा ६.३, तुमचा २.९, फरक ३.४. फळ्यावर बरंच काही झालं आणि शेवटी ती हात झटकत म्हणाली, "तुमच्यासारखे सव्वा लाख भूकंप एकत्र केले की सदुसष्टचा एक होतो." सव्वा लाख! मला वाटायचं, २.९ म्हणजे ६.३ च्या जवळजवळ निम्मा. पासिंगला सहा मार्क कमी पडलेल्या पोरासारखी मी फळ्याकडे बघत राहिले.

आणि मधल्या सुट्टीत सहावीतला तोच पोरगा आला. "बाई, काल लागला का?" मी म्हटलं, लागला. "मग बाकाखाली गेलाव का?" मी त्याला वर्गात पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. घरफोडी आणि विहिरीत पडलेली गाय यांच्यामध्ये, चार ओळी. पाटण तालुक्यात सौम्य धक्का, तीव्रता इतकी, केंद्रबिंदू धरणापासून इतक्या किलोमीटरवर, कोठेही जीवित वा वित्तहानी नाही, धरण सुरक्षित. माझ्या पातेल्याचा उल्लेख नाही. वेळ दिली होती अकरा वाजून तीन मिनिटं. मी म्हटलं, चूक आहे, अकरा आठ. तेव्हा ह्यांनी शांतपणे सांगितलं की एसटी चुकू नये म्हणून स्वयंपाकघरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. गेल्या सहा वर्षांपासून. म्हणजे कालपासून मी अख्ख्या तालुक्याला भूकंपाची चुकीची वेळ सांगत होते. दादांचा चहा मात्र वाचला. चहा पाजला साडेतीन सांगणाऱ्या पोस्टमनने.

त्या रात्री झोपायला जाताना मी आत्याबाईंच्या खोलीचं दार ओढून घेत होते. सहा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, की तुम्ही आतून कडी का लावत नाही? त्यांनी पांघरूण सारखं केलं. "त्या पहाटं आमच्या घराची कडी निघंना," त्या म्हणाल्या. "आई ओढत हुती. मी आठ वर्षांची. चौकट वाकडी झालीती." मग थोड्या वेळाने, "फट ठिवून जा गं."

मी फट ठेवून आले.

यानंतर मी भूकंपाचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं, आणि दहा दिवस पाळलंही. मग एके दिवशी विरजण लावताना समोर पाहिलं, तर ओट्यामागच्या भिंतीत, मांडणीच्या बरोबर वर, एक भेग. वीतभर. केसाएवढी बारीक, पण स्पष्ट. ती याआधी तिथे नव्हती यावर मी कुठल्याही कोर्टात शपथ घ्यायला तयार होते. वरून खाली, जरा डावीकडे झुकलेली, अगदी मोठ्या भेगेची धाकटी बहीण. मी कुणाला काही बोलले नाही. फक्त मांडणी दोन इंच सरकवली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसावी.

पावसाच्या आधी पत्रे आणि गच्ची बघायला गवंडीमामा येतात. पाटणचा पाऊस ही काही थट्टा नाही. गच्ची बघून झाल्यावर ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले आणि त्यांची नजर थेट तिथे गेली. मनात म्हटलं, जाणकार माणूस.

"ही बुजवायची नाही हं मामा," मी म्हटलं. "मेमधल्या भूकंपाची आहे."

मामा जवळ गेले. नखाने भेगेची कड खरवडली, बोट लावलं, बोटाचा वास घेतला. मग टकटक करून भिंतीला कान लावला.

"वैनी," ते म्हणाले, "भूकंपाची न्हाई ही. वरच्या न्हाणीचा पाइप गळतोय. पानी मुरलंय."

बाहेर सोप्यात दादांची काठी वाजली. ते इकडेच येत होते.

"मामा," मी आवाज खाली घेऊन म्हटलं, "तुम्ही भजी खाणार का?"