अर्थशास्त्राला राज्यशास्त्राची जोड हवीच

पदवीला राज्यशास्त्र मायनर (दुय्यम विषय) घ्यायचं ते फक्त एमपीएससीसाठी, हा तुमच्या लेखातला सूर पटला नाही. माझी मुलगी अर्थशास्त्र मेजर (मुख्य विषय) आणि राज्यशास्त्र मायनर करतेय. जीएसटीचे दर तिला मेजरमध्ये कळले. पण ते सुचवणाऱ्या जीएसटी परिषदेत, राज्यघटनेच्या कलम २७९अ प्रमाणे, केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय काही मंजूर होत नाही, हे मायनरमध्येच उलगडलं. संघराज्य म्हणजे काय ते यातून कळतं! मायनरला क्रेडिट (श्रेयांक) कमी म्हणून काही कॉलेजं त्याचे तास कुणाही शिक्षकाच्या गळ्यात मारतात, त्याचा मात्र संताप येतो. या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक द्या.