‘७३ कोटी आभा कार्ड झाली, आता आढावा कशाला?’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, बहुतेकांनी वाचला असेल. थोडक्यात त्यात म्हटलंय ते असं: देशात ७३ कोटींच्या वर आभा कार्ड निघालीत, कार्ड आहे त्याला ५ लाखांपर्यंत उपचार फुकट, देशातल्या कुठल्याही डॉक्टरला एका क्लिकवर आपली सगळी हिस्टरी दिसते, गावापर्यंत कागद संपला, कोविड लसीकरणाच्या कोविन पोर्टलने हे आधीच करून दाखवलंय, डेटा सरकारच्या सर्व्हरवर एकदम सेफ आहे, जगात एवढं कुणी केलं नाही, आणि म्हणून आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा (ज्यात ही आभा कार्डं येतात आणि आरोग्याच्या नोंदी डिजिटल करून जोडायच्या आहेत, त्या सरकारी मोहिमेचा) आढावा घ्या, पुढचा प्लॅन नीट करा म्हणणारे लोक उगाच खोडा घालतायत. शिकलेसवरलेले लोक, त्यात डॉक्टरसुद्धा, हे पुढे ढकलतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय. मी डिजिटल हेल्थच्या विरोधात अजिबात नाही, हे काम नीट व्हावं अशी मनापासून इच्छा आहे म्हणूनच एवढं टाइप करतोय.

पहिलं, कार्ड म्हणजे ५ लाखांचा विमा. नाही. आभा हा १४ आकडी नंबर आहे, तुमचे रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शनं तुमच्या नावाला जोडण्यासाठी. ५ लाखांचं कव्हर असतं ते आयुष्मान कार्डावर, म्हणजे पीएम-जय, ती २०१८ पासूनची वेगळी योजना, पात्रता वेगळी, महाराष्ट्रात ती महात्मा फुले जन आरोग्य योजनेबरोबर एकत्र चालते. दोन्हीकडे ‘आयुष्मान’ आहे त्यामुळे घोळ होतो हे समजू शकतो, पण त्याचा त्रास खरा आहे, माणूस पेशंटला घेऊन धावत जातो, काउंटरवर आभा कार्ड पुढे करतो आणि तिथे त्याला कळतं की यावर एक रुपयाही मिळत नाही. ऐन ॲडमिशनच्या वेळी. ज्यांनी फॉरवर्ड केलंय त्यांनी निदान एवढी दुरुस्ती तरी आपापल्या ग्रुपवर टाका.

आता ७३ कोटी. आकडा खरा आहे, २०२५ च्या सुरुवातीलाच सरकारने दिलाय, त्यावर वादच नाही. पण हे नंबर निघाले कसे ते बघा. २०२१ मध्ये लस घेताना ज्यांनी आधार दाखवलं त्यातल्या पुष्कळांचे हेल्थ आयडी (आभाचं तेव्हाचं नाव) तिथल्या तिथे तयार झाले, आणि आम्हाला धड विचारलंच नाही अशा तक्रारी तेव्हाच पेपरात आल्या होत्या. त्यानंतर कॅम्प, ओपीडीची लाइन, घरोघरचे सर्व्हे. जन धनसारखंच आहे हे, खातं उघडणं वेगळं आणि त्यात व्यवहार होणं वेगळं. त्याच सुमाराच्या सरकारी आकड्यांत आभाला जोडलेली रेकॉर्ड होती ४९ कोटींच्या आसपास, म्हणजे माणशी एकसुद्धा नाही, आणि एकेका माणसाची अनेक रेकॉर्ड जोडलेली असतात हे धरलं की कोट्यवधी नंबर नुसतेच पडून आहेत हा हिशोब कुणालाही करता येईल. आणि आभा ही फक्त पेशंटची बाजू झाली. डॉक्टर, नर्स वगैरे सगळे धरून मिशनच्या हेल्थ प्रोफेशनल रजिस्ट्रीत, म्हणजे उपचार करणाऱ्यांच्या यादीत, तेव्हा साडेपाच लाखांच्या थोडी वर नावं होती, आणि देशात नोंदणी असलेले नुसते ॲलोपॅथीचे डॉक्टरच १३ लाखांच्या वर आहेत. मेसेजमध्ये हे आकडे नाहीत.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर अजून एक. २०२३ मध्ये कॅगने, म्हणजे सरकारचा हिशोब तपासणाऱ्या यंत्रणेने, पीएम-जयचं ऑडिट केलं त्यात ९९९९९९९९९९ या एकाच मोबाईल नंबरवर जवळपास साडेसात लाख लाभार्थी सापडले होते. सरकारचं म्हणणं होतं की पात्रता मोबाईलवर ठरत नाही, ते बरोबरही आहे, पण आभामध्ये रेकॉर्ड बघायला द्यायचं की नाही याची परवानगीच माणूस मोबाईलवरून देतो, तिथे जर आशाताईचा नाहीतर शेजाऱ्याचा नंबर लागलेला असेल तर परवानगी नक्की कोण देतंय? हा प्रश्न आढाव्यात विचारायचा नाही तर कुठे विचारायचा.

एका क्लिकवर हिस्टरी. हा मुद्दा जरा नीट सांगतो कारण सगळ्याचा जीव इथेच आहे. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर या मिशनला जोडायचे तीन टप्पे असतात, आतले लोक त्याला एम-वन, एम-टू, एम-थ्री म्हणतात. एम-वन म्हणजे पेशंटचा आभा नंबर बनवणं किंवा तपासणं, एम-टू म्हणजे आपल्याकडचं रेकॉर्ड त्या नंबरला जोडणं, आणि एम-थ्री म्हणजे पेशंटची परवानगी घेऊन दुसऱ्या हॉस्पिटलातलं रेकॉर्ड मागवून आपल्या स्क्रीनवर बघणं. पेशंटला फायदा होतो तो एम-थ्रीला. सांगलीत काढलेला इको पुण्यातल्या डॉक्टरने उघडून बघितला आणि परत काढायला सांगितला नाही, तर पैसे वाचले, वेळ वाचला. बॅनरवर मात्र कायम एम-वनचा आकडा असतो, किती नंबर काढले. किती डॉक्टरांनी बाहेरचं रेकॉर्ड मागवलं, किती वेळा ते आलं, किती सेकंदात आलं, ते बघून किती तपासण्या टळल्या, हे आकडे हेडलाइनला आलेले मी तरी पाहिले नाहीत.

प्रत्यक्ष काय चालतं ते बघायचं तर कुठल्याही मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत सकाळी जाऊन उभे राहा. भिंतीवर क्यूआर कोड असतो, मोबाईलवर स्कॅन केला की नाव, वय, पत्ता आपोआप काउंटरला जातो आणि टोकन मिळतं, ऑक्टोबर २०२२ पासून ही सोय आली आणि ती खरंच चांगली आहे, म्हाताऱ्या माणसांचं तासभर उभं राहणं कमी होतं. मग टोकन दाखवून छापील केसपेपर घ्यायचा, आत जायचं, डॉक्टर त्याच केसपेपरवर पेनाने लिहितात, कारण बाहेर शंभर पेशंट बसलेत, एकेकाला दोन-तीन मिनिटं मिळतात, टाइप कधी करणार बिचारे. गोळ्यांच्या खिडकीवर तोच कागद, लॅबला तोच कागद, शेवटी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत जुन्या रिपोर्टांबरोबर घरी. पुढच्या वेळी दुसऱ्या हॉस्पिटलात ती पिशवीच उघडली जाते. रांग डिजिटल झाली, डॉक्टरच्या टेबलावर कागदच आहे. टेबलावर बदल करायचा तर टाइप करायला माणूस हवा, बोललेलं लिहून घेणारं आणि मराठी समजणारं सॉफ्टवेअर हवं, नाहीतर मोजक्या आजारांचे तयार फॉर्म हवेत, आणि या प्रत्येकाला पैसे लागतात, ते पुढच्या प्लॅनमध्ये आत्ताच धरावे लागतील.

शिवाय एनएसएसच्या, म्हणजे सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, २०१७-१८ च्या आकड्यांप्रमाणे ओपीडीचे साधारण ७० टक्के पेशंट खासगीत जातात. त्यात एकट्या डॉक्टरचा दवाखाना, एक कंपाउंडर, सॉफ्टवेअर नाही, असं चित्र भरपूर. जानेवारी २०२३ पासून हॉस्पिटलं आणि सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी इन्सेंटिव्हची स्कीम आली, याचाच अर्थ सरकारलाही माहितीये की नुसतं आवाहन करून खासगीवाले येत नाहीत. ती स्कीम कुणापर्यंत पोचली आणि गल्लीतल्या डॉक्टरला त्यातून काय मिळालं हे तपासल्याशिवाय पुढचे पैसे कशावर टाकणार?

गावापर्यंत कागद संपला म्हणणाऱ्यांनी एकदा उपकेंद्रात जाऊन सिस्टर काय काय भरतात ते बघावं. प्रत्येकाचं पोर्टल किंवा ॲप वेगळं, गरोदर बाईची नोंद आरसीएचला, बाळाचं लसीकरण यू-विनला, घरातल्या सासऱ्यांचं बीपी-शुगर एनसीडीच्या ॲपला, टीबीचा संशय आला तर निक्षय, साथीच्या आजाराचा रिपोर्ट आयएचआयपीला, महिन्याचा एकत्रित रिपोर्ट एचएमआयएसला, आणि इतकं करून रजिस्टर आहेच, कारण तपासणीला साहेब आले की रजिस्टर मागतात. एकच घर, एकच माणसं, आणि तेच नाव-पत्ता परत परत. हे सगळं एकमेकांशी बोलावं म्हणूनच तर आभा नंबर आणला ना? मग आढाव्यात पहिला प्रश्न हा हवा की सिस्टरची एक तरी एंट्री कमी झाली का, की आभा काढायचं टार्गेट हे अजून एक काम वर चढलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, आठवत असेल, हँडसेट हँग व्हायचे आणि नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. ते खातं वेगळं, महिला-बालविकासचं, पण धडा तोच आहे. ज्या बाईच्या हातात ॲप देताय तिला प्लॅन करताना विचारलं नाही तर ती बाई तरी काय करणार, शेवटी मोबाईल आणून ठेवते टेबलावर. आणि त्यात तिची काही चूक नाही.

कोविन. २२० कोटी डोसची नोंद ठेवली, अभिमानाची गोष्ट आहेच. पण ते काम काय होतं बघा, एक माणूस, एक लस, एक तारीख, एक सर्टिफिकेट, सगळं एकाच यंत्रणेच्या हातात. डायबेटिसच्या माणसाची वीस वर्षांची फाइल, चार डॉक्टर, तीन लॅब, दोन शहरं, हे निराळं काम आहे. त्याच कोविनमधले लोकांचे तपशील जून २०२३ मध्ये टेलिग्रामच्या एका बॉटवर मिळत होते, सरकारने थेट डेटाबेस फुटल्याचं नाकारलं, तपास झाला, अटकही झाली, पण तपशील बाहेर दिसत होते हे सगळ्यांनी पाहिलं.

यावरून सेफचा मुद्दा. सरकारच्या एका सर्व्हरवर सगळं आहे हेच मुळात चूक आहे. या मिशनची रचना अशी की रेकॉर्ड ज्या हॉस्पिटलने किंवा लॅबने बनवलं त्यांच्याकडेच राहतं, तुम्ही परवानगी दिली की तेवढ्यापुरतं दुसरीकडे जातं. रचना चांगली आहे, मला पटते, सगळी अंडी एका टोपलीत नाहीत. पण मग सुरक्षा ठरते प्रत्येक हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा (कॉम्प्युटरमधला डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) हल्ला झाला, साधारण दोन आठवडे कामं हाताने चालली. देशातलं एवढं नावाजलेलं सरकारी हॉस्पिटल ते. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये तर रिसेप्शनच्या पीसीचा पासवर्ड स्क्रीनलाच चिकटवलेला असतो. कायद्याचं म्हणाल तर आरोग्याच्या डेटासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०१८ मध्ये आला होता, तो पुढे गेलाच नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला त्यात आरोग्याच्या माहितीला वेगळा, जास्त संवेदनशील असा दर्जाच नाही, आधीच्या २०१९ च्या विधेयकात तो होता. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार, ही माहिती आणि ईमेल पत्ता एकाच मापात. हे मला खरोखर गंभीर वाटतं.

जगात कुणी केलं नाही. एस्टोनियाने २००८ मध्ये देशभरची सिस्टीम सुरू केली, आपलं रेकॉर्ड कुणी कधी उघडलं हे तिथे प्रत्येकाला दिसतं. लोकसंख्या १३-१४ लाख, त्यामुळे आपली तुलना होत नाही हे मान्य, पण उघडणाऱ्याचं नाव दिसणं याला लोकसंख्या आडवी येत नाही. इंग्लंडने २००२ मध्ये सगळं वरून ठरवून, मोठमोठी काँट्रॅक्टं देऊन काम काढलं आणि २०११ मध्ये गुंडाळायची वेळ आली, तोवर अब्जावधी पौंड गेले होते. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण आपल्या जास्त कामाचं आहे. त्यांनी २०१२ मध्ये हेल्थ रेकॉर्ड सुरू केलं, रजिस्ट्रेशनचे आकडे वाढत होते, डॉक्टर वापरत नव्हते, अगदी आपल्यासारखं. वर्ष-दीड वर्षातच सरकारने आढावा बसवला, रिपोर्ट लोकांसमोर ठेवला, मग नाव बदललं, पद्धत बदलली. पुढे २०१८ मध्ये सगळ्यांचं रेकॉर्ड आपोआप बनणार, नको असेल त्याने बाहेर पडा असं ठरलं तेव्हा प्रचंड ओरड झाली, तर कायदा बदलून कोर्टाच्या ऑर्डरशिवाय पोलिसांना रेकॉर्ड मिळणार नाही आणि रद्द केलं तर कायमचं पुसलं जाईल असं लिहून दिलं. तरी सुमारे २५ लाख लोक बाहेर पडले, त्यांना पडू दिलं.

राहिला आढावा म्हणजे खोडा हा मुद्दा. अहो, हे मिशनच आढाव्यांतून उभं राहिलंय. २०१७ चं आरोग्य धोरण, २०१८ ला नीती आयोगाचा मसुदा, २०१९ ला ब्लूप्रिंट, १५ ऑगस्ट २०२० ला घोषणा, सहा केंद्रशासित प्रदेशांत पायलट, २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर. कॅबिनेटने फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजुरी दिली ती पाच वर्षांसाठी १६०० कोटींची, म्हणजे २०२५-२६ पर्यंतची. मुदतच ठरलेली होती, मग हिशोब मागणं खोडा कसा? बजेटमध्ये मिशनसाठी २०२३-२४ ला ३४१ कोटी ठेवले होते, सुधारित अंदाजात ते २०० वर आणले, त्याच्या आदल्या वर्षीही २०० चे १४० झाले होते. पैसा अडला कुठे, राज्यांत माणसं नव्हती का, हॉस्पिटलं तयार नव्हती का, हे कळल्याशिवाय पुढचा आकडा टाकणं म्हणजे अंदाजपंचे. जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) आणि दूरसंचारासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था आयटीयू यांनी २०१२ मध्ये डिजिटल हेल्थचा प्लॅन कसा करायचा याचं देशांसाठी जे टूलकिट काढलं त्यातही तीन भाग आहेत, कुठे जायचं, कसं जायचं, आणि पोचतोय का हे मोजायचं कसं.

आणि हे फक्त दिल्लीतल्या लोकांवर सोडू नका. ऑगस्ट २०२० मध्ये आरोग्य डेटाच्या धोरणाचा मसुदा हरकतींसाठी आला तेव्हा आधी जेमतेम आठवडाभर मुदत दिली होती, तीही ऐन कोविडमध्ये, ओरड झाल्यावर ती वाढवली. पुढच्या टप्प्याचा मसुदा येईल तेव्हा तो मराठीत हवा, मुदत निदान दोन महिने हवी, आणि उपकेंद्रातल्या सिस्टर, आशाताई, गल्लीतले डॉक्टर यांचं म्हणणं जिल्ह्याजिल्ह्यात बसून ऐकून घ्यायला हवं. ज्यांना तो मेसेज पुढे पाठवायला वेळ मिळाला त्यांनी ही मागणी आपल्या खासदाराला पाठवायलाही तेवढाच वेळ लागतो.