चष्मा पिशवीत ठेवू नका

खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवरचा एक लेख वाचला. त्यांचं ऑपरेशन शक्यतो 48 तासांत व्हावं, असं त्यात म्हटलंय. पटतं. पण आमचं घोडं अडलं विमा कंपनीच्या कॅशलेस मंजुरीवर. आई, वय 81, नाशिकच्या सिडको भागातल्या घरी पहाटे बाथरूममध्ये घसरली. पाय आखूड झालेला, पंजा बाहेर वळलेला, तरी शेजारच्या काकू तेल चोळायला निघाल्या होत्या! नाशिकच्याच एका हॉस्पिटलात नेलं, तर ऑपरेशनला चौथा दिवस उजाडला.

तोवर हाडापेक्षा डोक्याचंच जास्त बिनसलं. रात्र झाली की ती मनाने पंचवटीतल्या जुन्या वाड्यात. "गोदेला पूर आलाय, धान्याचे डबे माळ्यावर टाका," म्हणत सलाईनची नळी ओढायची. आम्हाला वाटलं, संपलं सगळं. एका वयस्कर सिस्टरनी विचारलं, "आजींचा चष्मा कुठाय?" चष्मा आणि कानाचं मशीन आम्हीच हरवू नये म्हणून पिशवीत बांधून ठेवलेलं! ते दिल्यावर दोन दिवसांत आई बरीच माणसांत आली. (ऑपरेशननंतर दुखणं कमी झालं, त्याचाही वाटा असणारच.)

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपीवाल्या मुलीने वॉकर देऊन उभं केलं, तेव्हा मी तिच्याशी भांडलो. चूक माझीच. पडून राहिलं की न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या.

लेखात एक राहिलंय. या वयात नुसतं घसरून हाड मोडलं म्हणजे ते बहुधा ठिसूळ झालेलं असतं. आमच्या डिस्चार्जच्या कागदावर वेदनाशामक गोळ्या होत्या. हाडांची घनता तपासा, त्यावर औषध सुरू करा, याबद्दल अवाक्षर नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.