स्टिंगर आलं आणि रशिया पळाला?

व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर अधूनमधून फिरत असतो: ‘अमेरिकेनं मुजाहिदांना स्टिंगर क्षेपणास्त्रं दिली, रशियाची हेलिकॉप्टरं पडू लागली, लाल सेना रातोरात अफगाणिस्तानातून पळाली आणि काबूलचं सरकार लगेच कोसळलं.’

स्टिंगरपुरतं यात तथ्य आहे. सप्टेंबर १९८६ मध्ये जलालाबादजवळ मुजाहिदांनी, म्हणजे सोव्हिएत फौज आणि तिच्या पाठिंब्यावरचं काबूल सरकार यांच्याविरुद्ध लढणाऱ्या अफगाण बंडखोरांनी, खांद्यावरून डागायच्या या विमानवेधी क्षेपणास्त्रांनी पहिली हेलिकॉप्टरं पाडली आणि सोव्हिएत वैमानिकांना डावपेच बदलावे लागले. पण माघारीचा विचार त्याच्या आधीचा. ऑक्टोबर १९८५ मध्येच सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हनी काबूल सरकारचे तेव्हाचे प्रमुख बबराक करमाल यांना बजावलं होतं, की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत स्वतःचं रक्षण स्वतः करायला शिका. फेब्रुवारी १९८६ च्या पक्ष अधिवेशनात त्यांनी या युद्धाला ‘भळभळती जखम’ म्हटलं, तेव्हा स्टिंगर तिथे पोचलंही नव्हतं. १३ नोव्हेंबर १९८६ ला पॉलिटब्यूरोच्या (सोव्हिएत पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या) बैठकीत सोव्हिएत लष्करप्रमुख मार्शल अखरोमेयेव्ह यांनी जे मांडलं, ते तर कुठल्याही क्षेपणास्त्राहून झोंबणारं होतं: सोव्हिएत सैनिकाचं पाऊल पडलं नाही अशी जागा या देशात उरलेली नाही, तरी बहुतेक मुलूख बंडखोरांच्याच हातात आहे. गोर्बाचेव्हनी माघारीसाठी मुदत घातली एक, फार तर दोन वर्षांची.

मग माघार पूर्ण व्हायला १९८९ का उजाडलं? कारण घोडं अडलं होतं जिनिव्हातल्या वाटाघाटींत. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ दिएगो कोर्दोव्हेझ १९८२ पासून पाकिस्तान आणि काबूल यांच्यात निरोप्याचं काम करत होते. पाकिस्तान काबूल सरकारला मान्यताच देत नव्हता, त्यामुळे दोन्ही शिष्टमंडळं समोरासमोर बसत नसत. कोर्दोव्हेझच या दालनातून त्या दालनात जायचे. आपण निघालो की मुजाहिदांची शस्त्रं बंद व्हावीत, ही मॉस्कोची मुख्य मागणी. डिसेंबर १९८५ मध्ये अमेरिकेनं तशी तयारी दाखवली होती, पुढे ती फिरली. आणि इथे, माझ्या मते, गोर्बाचेव्हनी हातचा हुकूम आधीच टाकला. ८ फेब्रुवारी १९८८ ला त्यांनी माघारीची तारीखच जाहीर केली. निघणार हे एकदा कळल्यावर समोरचा कशाला सवलत देईल? १४ एप्रिलला करार झाला, पण शस्त्रपुरवठा दोन्ही बाजूंनी चालूच राहिला. मुजाहिद तर कराराचे पक्षकारच नव्हते.

‘रातोरात’ हा शब्द कुठून आला, कोण जाणे. सुमारे एक लाख सैनिक, १५ मे १९८८ पासून नऊ महिने. त्यातले निम्मे १५ ऑगस्टपर्यंत बाहेर. नोव्हेंबरमध्ये मॉस्कोनं माघार काही काळ थांबवलीही होती. १५ फेब्रुवारी १९८९ ला तिथल्या सोव्हिएत फौजेचे सेनापती जनरल ग्रोमोव्ह सरहद्दीवरचा तेरमेझचा पूल ओलांडून आले आणि आपल्या मागे एकही सोव्हिएत सैनिक नाही, असं म्हणाले. (मुजाहिदांच्या कैदेतले होते, पण कॅमेऱ्यासमोर ते कोण सांगणार!)

राहिलं काबूलचं सरकार. मार्च १९८९ मध्ये मुजाहिदांनी जलालाबादवर हल्ला चढवला आणि तो फसला. सोव्हिएत पैसा, इंधन, शस्त्रं येत होती तोवर करमाल यांच्यानंतर आलेले अध्यक्ष नजीबुल्लाह तगले. सप्टेंबर १९९१ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांचं ठरलं, की १ जानेवारी १९९२ पासून दोघांनीही शस्त्रं द्यायची नाहीत. एप्रिलमध्ये नजीबुल्लाह यांची सत्ता गेली, म्हणजे शेवटचा सोव्हिएत सैनिक परतल्यावर तीन वर्षांनी.